देवगिरीचा कातळ कोणी तासला?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर दौलताबादचा किल्ला लागतो. सुमारे २०० मीटर उंचीची शंकूसारखी टेकडी, तिच्याभोवती कातळात कोरलेला खंदक आणि पायथ्यापासून सरळ तासून काढलेला कडा. हे दृश्य पाहणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो असा: हा किल्ला कोणाचा? उत्तरादाखल त्याला राजांची नामावळी ऐकवली जाते. १२ व्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसवणारा यादव राजा पाचवा भिल्लम, मग खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम. परंतु हा कडा कोणी तासला, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. छिन्नी-हातोड्याने डोंगराचे अंग उभे सोलणाऱ्या पाथरवटांचे एकही नाव इतिहासाने आपल्यासाठी राखून ठेवलेले नाही.

वस्तुतः या किल्ल्याचा इतिहास नीट वाचला, तर राजांच्या पराक्रमापेक्षा एक वेगळेच सत्य हाती लागते. हा किल्ला तलवारीला सहसा दाद देत नव्हता. तो पडला तो भुकेपुढे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने अकस्मात चाल केली, तेव्हा रामचंद्रदेव यादवाचे मुख्य सैन्य राजधानीपासून दूर होते आणि गडावर पुरेसा शिधा नव्हता. घाईघाईने आत नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा जुन्या तवारिखांत सांगितली आहे. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खोटे नाही. ज्या राजसत्तेला आपल्या कोठारात काय आहे याचाच पत्ता नाही, तिचे रक्षण कोणताही कातळ करू शकत नाही.

३३७ वर्षांनी, १६३३ मध्ये, तोच प्रसंग पुन्हा घडला. मोगल सरदार महाबतखानाने किल्ल्याला वेढा घातला. त्याआधीच, १६३० ते १६३२ या काळात, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता. संत तुकारामांच्या घरात मृत्यू आणणारा दुष्काळ तो हाच. गडावरील अन्न संपले, रोगराई पसरली आणि मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने किल्ला शत्रूच्या स्वाधीन केला. तटबंदी किती भक्कम आहे, हा प्रश्न दोन्ही वेळा दुय्यम ठरला. रयतेच्या शेतात काय पिकले आणि त्यातले गडावर काय पोहोचले, हाच प्रश्न निर्णायक ठरला.

राजसत्तेच्या लहरीची किंमत कोण चुकवतो, याचेही उदाहरण येथेच आहे. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून येथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद केले. सुलतानाचा बेत फसला, तो परत फिरला; परंतु शेकडो कोसांची पायपीट ज्यांच्यावर लादली गेली, त्यांचा हिशेब कोणत्याही दफ्तरात मांडलेला नाही.

आज मात्र या किल्ल्याविषयी वाद झडतो तो देवगिरी म्हणावे की दौलताबाद, एवढ्यापुरताच. नावाच्या या भांडणात किल्ला कोणत्या तरी एका धर्माच्या खात्यावर जमा करण्याचा खटाटोप असतो. पण तेथील दगड अशा विभागणीला जुमानत नाहीत. १३१८ मध्ये उभारलेल्या जामा मशिदीत जुन्या मंदिरांचे खांब आहेत आणि त्याच वास्तूत १९४८ नंतर भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. मोडतोड, सक्ती आणि सरमिसळ हे सारे त्या एकाच आवारात दिसते. त्यातले काहीही झाकण्याचे कारण नाही. परंपरेनुसार एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी मुसलमानी सत्तेखाली याच गडाचे किल्लेदार होते. आणि ज्याने निजामशाही सावरून धरली, तो मलिक अंबर हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. त्याची आठवण जमीन महसुलाच्या व्यवस्थेसाठी व खडकी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी राहिली, हे विसरता कामा नये.

रामचंद्रदेवाच्या काळाचेच पाहा. त्याचा मंत्री हेमाद्री हा व्रते, दाने आणि प्रायश्चित्ते यांच्या प्रचंड संस्कृत ग्रंथाचा कर्ता. त्याच राजवटीत, १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. दरबाराच्या आश्रयाने लिहिलेला ग्रंथ पंडितांपुरता उरला, लोकांच्या बोलीतील ग्रंथ घराघरांत पोहोचला. तट ढासळले, राजधानी ओस पडली, ती वाणी टिकली.

म्हणूनच अभ्यास शिबिरांच्या निमित्ताने गडावर जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न बरोबर न्यावेत. हा कातळ कोणी तासला? येथील कोठारे कोणाच्या कष्टाने भरत होती? आणि सत्ता बदलली तेव्हा त्या कष्टकऱ्याच्या आयुष्यात काय बदलले? अंधारी नावाच्या त्या काळोख्या भुयारी मार्गातून चालताना भिंतीवर हात टेकला, तर उत्तराचा आरंभ तेथेच सापडेल. राजांची नावे पाठ करून किल्ला कळत नाही. त्या हातांचा शोध घेऊ लागलो की तो कळू लागतो.