आधी खराटा, मग कीर्तन

पंढरीच्या वारीच्या परंपरेत गाडगेबाबांसारखा लोकवक्ता घडला. गावात पाऊल टाकताच ते खराटा हाती घेत, गटारं-रस्ते झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. मग प्रश्नांची सरबत्ती: कर्ज काढून सण कशाला? देवापुढे बकरं का कापता? शिवाशिव का पाळता? उत्तरं समोरच्या माणसांकडूनच वदवून घेत. भाषणाची इतकी जिवंत रीत आजही विरळाच.

जमलेल्या देणग्यांतून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

नवे प्रयोग, पर्यावरण आणि समता यांवरची भाषणं या अंकात आहेत. वक्त्याने बोलण्याआधी काय केलं, हे वाचकांनी जरूर तपासावं.