इशारा आणि घाई

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे उत्तराखंडातील माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. लष्करादिकांनी शर्थ करून ४६ जणांना वाचविले. ८ जण दगावले. या शोकाहूनही बोचणारी गोष्ट ही की, चंदीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्याच सायंकाळी चमोलीसह काही जिल्ह्यांस हिमस्खलनाचा इशारा दिला होता. इशारा निघाला, छावणी जागची हलली नाही.

ते मजूर पोटासाठी तेथे होते. परंतु हौसेने बर्फात जाणाऱ्यांचे काय? एप्रिल २०२३ मध्ये सिक्कीमच्या नथुला मार्गावर हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे असता लोक त्यापुढे गेले होते, असे तेथील पोलिसांनी तेव्हा सांगितले. हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून हिमालयाची वाट धरणाऱ्या तरुणांच्या पालकांनी या दोन्ही घटना ध्यानात ठेवाव्यात.

हिमस्खलन हा केवळ दैवाचा घाला नव्हे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर कच्च्या, भुसभुशीत थरावर नव्या बर्फाचा जड थर बसला, की तो उतार धोक्याचा होतो. जोरदार हिमवर्षावानंतरचा पहिला दिवस आणि वाऱ्याने बर्फाचे ढीग जमविलेली बाजू विशेष घातक. अशा उतारावर माणसाचे वजनही पुरेसे होते. हौशी प्रवाशांच्या अपघातांत बहुधा तेच निमित्त ठरतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर जगण्याची आशा मोठी. पुढे ती झपाट्याने मावळते. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचणे जवळजवळ अशक्य. म्हणूनच प्रत्येकाजवळ संकेत देणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे, व त्यांचा सरावही हवा.

परंतु खरा शत्रू बर्फाहून निराळाच आहे. रजा संपत आलेली, पैसे भरलेले, छायाचित्रे काढावयाची राहिलेली. मग इशारा कोण वाचतो? आमच्या मते सहल नेणाऱ्यांनी त्या दिवसाचा इशारा निघण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखवावा, आणि धोक्यामुळे बेत रद्द झाल्यास पैसे परत करण्याचे आधीच लिहून द्यावे. पैशांच्या भीतीने पाऊल पुढे पडत असेल, तर ती भीती आधी काढली पाहिजे.

वेळ ओळखून मागे सरणे हा भ्याडपणा नव्हे, हे गनिमी काव्याच्या मुलखाला कोणी शिकवावयास नको. शिखर पुढल्या वर्षीही तेथेच असेल. घरी वाट पाहणाऱ्यांना मात्र परतणारा माणूस याच वर्षी हवा असतो.