घोरण्याला हसू नका

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील रावेरहून दिल्लीला केळीचा ट्रक नेतात. उन्हाळ्यात घरी असले की मातीच्या धाब्यावर झोपतात आणि सारी गल्ली त्यांचे घोरणे ऐकते. ‘काय सुखाची झोप!’ लोक म्हणतात. मीही त्यांना कुंभकर्ण म्हणून हसलो आहे. माय हसत नाही. घोरणे मध्येच तुटते, श्वास थांबतो, मग ते धडपडून श्वास ओढतात, हे तिने कितीदा पाहिले आहे.

या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. संशय घेण्यापुरते यंत्रही लागत नाही. ‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची यादी आहे : घोरणे, दिवसाचा थकवा, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर, स्त्री की पुरुष, आणि झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला का? तीन ‘होय’ आले की पुढची तपासणी हवी. त्यात रात्रभर श्वास, रक्तातला प्राणवायू, मेंदूच्या लहरी नोंदतात. श्वास दहा सेकंद वा अधिक थांबला किंवा मंदावला, असे प्रसंग तासाला ३० झाले तर विकार तीव्र.

पण मित्रहो, श्वासाच्या त्या प्रश्नाचे उत्तर झोपणाऱ्याला कसे ठाऊक असणार? वडील दवाखान्यात एकटे जातात, ‘झोप झकास’ सांगून परततात. मालक ट्रक काढून घेईल ही धास्तीही असतेच. माझे स्पष्ट मत आहे की, डॉक्टरांनी मायलाच आधी विचारावे.

आठही प्रश्न मी मराठीत उतरवून तिला वाचून दाखवले. पाच ‘होय’ आले. वडील परवा दिल्लीहून परततील.