खंजिरीवाल्याचा छापखाना

आज ३० एप्रिल, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती, म्हणजेच ग्रामजयंती. त्यांची खंजिरीवरची भजने आज गावोगावी होतील, त्यांच्या ग्रामगीतेचे वाचन होईल. महाराज प्रकाशकही होते, हे मात्र अशा दिवशीही फारसे कुणी बोलत नाही.

महाराजांच्या काळात वऱ्हाडाला वृत्तपत्रे नवी नव्हती. अमरावतीला वीर वामनराव जोशींचे ‘स्वतंत्र हिंदुस्थान’, अकोल्याला ब्रिजलाल बियाणींचे ‘मातृभूमी’ ही नावे ठाऊक होती. पण छापखाने शहरांतच. महाराजांनी छापखानाच खेड्यात नेला. १९४२च्या ऑगस्टअखेर ‘चले जाव’ चळवळीत त्यांना चंद्रपुरात अटक झाली, नागपूर-रायपूरचा तुरुंगवास घडला, डिसेंबरात सुटका झाली. पुढच्याच वर्षी गुरुकुंज मोझरीत श्रीगुरुदेव मुद्रणालय उभे राहिले आणि ‘श्रीगुरुदेव’ मासिक निघू लागले.

ज्यांच्या भजनाला हजारोंची गर्दी लोटे, त्यांना कागदाची गरज का भासावी? ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण, सामुदायिक प्रार्थना ही रोजची कामे. एका रात्रीच्या भारावलेपणावर ती वर्षभर चालत नाहीत. शिवाय ऐकलेली गोष्ट चार तोंडी गेली की बदलते. त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या दूरदूरच्या शाखांना बांधून ठेवायला दरमहा हाती पडणारा छापील मजकूरच हवा होता. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने हे ओळखले, आणि सुदामदादा सावरकरांसारखे लेखणीचे साथीदार जोडले. १९५५ सालची ४१ अध्यायांची ग्रामगीता याच वाटेवरची. तिचा वाचकही गावच.

चळवळीच्या मुखपत्राला मर्यादा असते. आपल्याच माणसांना अडचणीचे प्रश्न ते सहसा विचारत नाही. ते काम आम्हा जिल्हा वृत्तपत्रांचे. आम्ही ते किती करतो? आजच्या दिवशी अभिवादनाच्या जाहिराती आणि मोठी छायाचित्रे छापतो. उद्या, १ मे रोजी, गावोगावी ग्रामसभा बसतील. काही गणपूर्तीअभावी तहकूब होतील, काहींत ठराव आधीच लिहून ठेवलेले असतील. पाणी, रस्ता, घरकुलांची यादी, सारे तिथेच ठरते. पण तिथे बातमीदार क्वचितच दिसतो.

महाराजांना प्रकाशक म्हणून मानायचे तर पुढचे पाऊल साधे आहे. आज त्यांच्या छायाचित्राला जेवढी जागा दिली, तिच्या चौथाईइतकी जागा तरी २ मेच्या अंकात या ग्रामसभांना द्यावी. कुठे बसली, कुठे नाही, काय ठरले, एवढे तरी गावाला वाचायला मिळावे.