सव्वा लाखाचे अभय

स्त्रीवरील अत्याचाराची एखादी घटना वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली, की आठवडाभरात एक मागणी हमखास पुढे येते : स्त्रियांना पिस्तुलांचे परवाने द्या. ही मागणी करणाऱ्यांत केवळ प्रतिगामी मंडळीच असतात असे नाही. आपल्या चळवळीतले काही तरुण साथीही हल्ली तावातावाने हेच बोलू लागले आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा हिशेब मांडणे आवश्यक झाले आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये घडलेल्या अमानुष प्रकाराने देश हादरला. सत्ताधारी आणि प्रस्थापित राजकारणी यांनी त्यावर काय केले? जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने स्त्रियांना सुरे वाटले. वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये, केंद्र सरकारच्या कानपूर येथील शस्त्रनिर्माण कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे, पर्समध्ये मावेल असे, वजन अवघे ५०० ग्रॅम. ते दागिन्यांच्या तांबड्या पेटीत घालून मिळत असे! दिल्लीच्या त्या मृत मुलीला वृत्तपत्रांनी दिलेल्या ‘निर्भया’ या नावाचाच हा प्रतिध्वनी. जिला सरकार वाचवू शकले नाही, तिच्याच नावाची छाया घेऊन सरकारी कारखान्याने विक्रीचा माल काढावा, याहून निर्लज्ज व्यापार कोणता?

किंमत होती १,२२,३६० रुपये. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाला हा आकडा वाचून भागाकार केल्यावाचून राहवत नाही. २०१३-१४ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती. म्हणजे पाथरी तालुक्यातील एखाद्या मजूर बाईने ७५६ दिवस काम करून एक पैसाही पोटात घातला नाही, तर तिला हे अभय विकत घेता आले असते. केंद्राच्या कायद्याची हमी तेव्हा वर्षाला शंभर दिवसांची होती. त्या हिशेबाने साडेसात वर्षे. तोवर तिने निर्भय कसे राहावे, हे कारखान्याने सांगितले नव्हते.

कायदा मात्र गरिबाच्या बाबतीत फार उदार आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये असे म्हटले आहे, की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. भूमिहीन बाईने परभणीला जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज करावा, पोलिसांच्या चौकशीला सामोरे जावे, २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवावे; तिची गरिबी आड येणार नाही. ती आड येते दुकानाच्या पायरीवर. भांडवलशाहीतले पुष्कळसे हक्क असेच असतात.

अमेरिकेतही हेच घडले आहे. पुरुष गिऱ्हाइकांचा बाजार तुंबला, तेव्हा तिथल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १९८९ च्या सुमारास ‘लेडीस्मिथ’ या नावाने बायकांसाठी रिव्हॉल्व्हरे काढली. भीती हा माल विकण्याचा कच्चा माल असतो. तो जितका मुबलक, तितका धंदा तेजीत.

पण समजा, पैशांची सोय झाली. पिस्तूल रोखायचे कोणावर? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०१३ साली देशात बलात्काराचे ३३,७०७ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडित स्त्रीच्या ओळखीचा होता. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचे वचन देणारा. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड हा जाहिरातीचा नायक आहे; वास्तवातला गुन्हेगार बहुधा घरात किंवा घराच्या आसपास वावरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. अशा घरात रिव्हॉल्व्हर ठेवले, तर कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला असेल, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतील प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छळ करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल, तर स्त्रीचा खून होण्याचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो, असे त्यांना आढळले.

आणि हल्लेखोर वर्दीत असेल तर? २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरविले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, हा त्या निकालाचा एक आधार होता. आता कल्पना करा, पिस्तूल ही प्रत्येक शहाण्या बाईने बाळगण्याची वस्तू ठरली. मग वकील उलटतपासणीत विचारील : बाई, शस्त्र होते, तर झाडले का नाही? आणि नव्हते, तर घेतले का नाही? रक्षणाची जबाबदारी एकदा स्त्रीच्या पर्समध्ये सरकविली, की अपयशही तिच्याच पदरी बांधता येते. मथुरेनंतर कायदा बदलला तो उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांच्या १९७९ च्या खुल्या पत्राने आणि रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांच्या संघटित बळाने. १९८३ ची दुरुस्ती कोणा एकटीच्या गोळीने झालेली नाही.

यावर साथी म्हणतात, मग दगडाबाई शेळके यांचे काय? रझाकारांविरुद्ध त्यांनी शस्त्र हाती घेतलेच ना? बीना दास यांनी ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्त्याला गव्हर्नर जॅक्सनवर गोळ्या झाडल्याच ना? घेतले, झाडल्या, आणि मराठवाड्यातला कोणीही माणूस दगडाबाईंपुढे नतमस्तकच होईल. पण त्या शस्त्रामागे संघटना होती, उद्दिष्ट होते, आणि निशाण एका जुलमी सत्तेवर होते. दागिन्यांच्या पेटीतले रिव्हॉल्व्हर बाईला एकटी करते. आत्मसंरक्षणाचा तिचा हक्क कोणीही नाकारीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३८ व्या कलमात तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जातो. प्रश्न आहे तो त्या हक्काआड लपून सरकारने अंग काढून घेण्याचा.

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला. आरोपीने ‘ताई’ म्हणून विश्वास संपादन केला होता. तिथे उणीव होती ती कुलूपबंद गाडीची, उजेडाची, जागेवर हजर असलेल्या रखवालदाराची. म्हणजे सार्वजनिक खर्चाची. २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला, आणि पहिली काही वर्षे त्यातला बराचसा पैसा खर्चावाचून पडून राहिला. निधी तिजोरीत, रिव्हॉल्व्हर बाजारात.

आपल्या भागाला तर हे नव्याने सांगावयास नको. पाथरीपासून जवळच असलेल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात मुलींचे आणि स्त्रियांचे खून पडत गेले. ते सत्र थांबले ते तपासामुळे. रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा अधिकारी येऊन कामाला लागला तेव्हा. तोवर प्रत्येक घराने दाराला कडी घातली होतीच, तिचा उपयोग झाला नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहांहून कमी कामगार असलेल्या जागांसाठी, तसेच खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी, प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमणे बंधनकारक केले आहे. प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा एक नोडल अधिकारी असावा लागतो आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवावयाची असते. कापूस वेचणारी, वीटभट्टीवर राबणारी, मुकादमामागे ऊसतोडीला जाणारी बाई याच तरतुदीत बसते. या कामी सव्वा लाख रुपये लागत नाहीत. पाथरीच्या कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीत जाऊन त्या अधिकाऱ्याचे नाव लेखी मागावे, ते बसस्थानकावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावून घ्यावे, आणि आजवर किती तक्रारी आल्या व किती पुढे पाठविल्या, याची माहिती माहितीच्या अधिकारात मिळवावी. कापूस वेचणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे व्हावे.