कळकलेले पाणी

ताक तांब्याच्या भांड्यात ठेवले की कळकते, हे आमच्या घरी कुणाला सांगावे लागत नाही. त्याच भांड्याला आई चिंच लावते आणि काळवंडलेले तांबे घटकेत लखलखते. घासल्यावर खाली उतरणाऱ्या पाण्यात थोडे तांबे गेलेले असते. चिंचेतल्या आम्लाने ते धरून ठेवलेले असते. समुद्राच्या खाडीतही असाच प्रकार चालतो असे वाचले, तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रात नाक खुपसावे की नाही, हा विचार मी बाजूला ठेवला.

ठाण्याची खाडी घ्या. एका काठाला मुंबई, दुसऱ्या काठाला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा. कारखान्यांचे सांडपाणी आणि शहराचा मैला यांतून खाडीत तांबे येते. शिवाय जहाजांच्या बुडाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग फासतात. पूर्वी अशा रंगांत कथिलाचे एक जहरी संयुग असे. त्यावरील आंतरराष्ट्रीय बंदी २००८ साली अमलात आली आणि तांब्यावरची भिस्त वाढली. पण त्याच पाण्यात तिवरांच्या कुजलेल्या पाल्यातली, मैल्यातली आणि शेवाळाने सोडलेली सेंद्रिय द्रव्येही विरघळलेली असतात. ती तांब्याच्या कणाला घट्ट धरतात. कित्येक ठिकाणी समुद्रातल्या विरघळलेल्या तांब्यापैकी ९९ टक्क्यांहून अधिक तांबे असे बांधलेले आढळले आहे.

आणि मारते ते उरलेले, मोकळे तांबे. संडा आणि गिलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७६ साली दाखवून दिले की, पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाची वाढ खुंटते ती एकूण तांब्यामुळे नव्हे, तर मोकळ्या तांब्यामुळे. या शेवाळावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे, आणि माशांवर कोळीवाडे.

माझे म्हणणे इथे सुरू होते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये सांडपाण्याची जी सर्वसाधारण मानके आहेत, त्यांत तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. नदीत सोडा नाहीतर समुद्रात, आकडा तोच. मोकळे किती, बांधलेले किती, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गोड्या पाण्यासाठी २००७ साली सेंद्रिय कर्ब जमेस धरणारी पद्धत सुचवली. आपल्याकडे हे जाणणारी माणसे नाहीत असे थोडेच आहे! १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे, आणि खाड्यांतले धातू कोणत्या रूपात असतात याचा अभ्यास तिथे झालेला आहे. तो अभ्यास नियमाच्या कागदापर्यंत का पोचू नये?

यावर कुणी शहाणा म्हणेल, मग मैला चांगलाच की, विष बांधून ठेवतो! या शहाणपणाची मला भीती वाटते. एस. टी. बसच्या जागा ठरलेल्या असतात. त्या भरल्या की पुढचा प्रवासी उभाच राहणार. सेंद्रिय द्रव्यांच्या जागाही अशाच मोजक्या. त्या भरल्यावर आलेले तांबे मोकळेच फिरते. उन्हाने ही द्रव्ये तुटतात, तेव्हा बसलेलाही उठून उभा राहतो. शिवाय मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. मासा तांब्याने नाही मेला तर गुदमरून मरतो. म्हणून दोन्ही मोजा आणि दोन्ही कमी करा, एवढीच माझी मागणी आहे. एकाच्या आड दुसरे लपवू नका.

हिंगोलीच्या मुलाला समुद्राची काळजी कशाला, असे आमच्या एका मित्राने हसत विचारले. आपली कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीला जाऊन बंगालच्या उपसागरात पडते. हळदीच्या करप्यावर आपणही तांबेयुक्त औषधच फवारतो. परवा वडील पंपात ती निळसर पावडर कालवत होते. फवारल्यावर हे जाते कुठे, असे मी विचारले. "मुरतं जमिनीत," ते म्हणाले. आणि पावसात वाहून जाते ते? त्यांनी ओढ्याकडे पाहिले आणि पंप पाठीवर घेतला.