घास अडकायच्या आधी अन्ननलिकेचा कॅन्सर कळू शकतो का?

भाकरीचा घास छातीत अडकायला लागला की माणूस आधी पाणी पितो. मग भाकरी आमटीत कुस्करून खातो. नंतर मऊ भात आणि पेज. फलटणसारख्या तालुक्यात हा बदल घरच्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. 'पित्त झालंय' म्हणून मेडिकलमधून गोळी येते आणि महिने निघून जातात.

अन्ननलिका लवचिक असते. गाठ वाढून नळी बरीच अरुंद होईपर्यंत त्रास जाणवत नाही. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या कॅन्सरचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण होते आणि मृत्यू ६६ हजारांच्या आसपास. हे आकडे इतके जवळ असण्याचं एक मोठं कारण म्हणजे उशिरा होणारं निदान.

बायोमार्कर म्हणजे काय?

आजाराची शरीरात सापडणारी खूण. रक्तातलं एखादं प्रोटीन किंवा पेशीच्या डीएनएमधला बदल.

ब्रिटनमध्ये यावर 'सायटोस्पंज' ही टेस्ट तयार झाली. दोरा बांधलेली कॅप्सूल गिळायची. पोटात ती विरघळते आणि आतला स्पंज फुलतो. दोरा ओढला की स्पंज अन्ननलिकेच्या पेशी घेऊन बाहेर येतो. त्यात 'टीएफएफ३' प्रोटीन सापडलं की एन्डोस्कोपी केली जाते. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत ॲसिडिटीची औषधं घेणारे सुमारे १३ हजार लोक होते. स्पंजची सोय दिलेल्या गटात कॅन्सरआधीची अवस्था १४० जणांत सापडली, नेहमीच्या पद्धतीत फक्त १३ जणांत.

मग ती इथे का आणत नाहीत?

कारण कॅन्सरचा प्रकार वेगळा आहे. टीएफएफ३ जी अवस्था शोधतं ती दीर्घकाळच्या ॲसिडिटीशी जोडलेली असते. भारतात जास्त दिसतो तो स्क्वॅमस प्रकार. त्यामागे तंबाखू, बिडी आणि दारू असते. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं हेही संभाव्य कारण असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं. या प्रकारासाठी डीएनए आणि मायक्रोआरएनएच्या खुणांवर संशोधन सुरू आहे.

सातारा जिल्ह्यातच, कराडच्या कृष्णा इन्स्टिट्यूटमध्ये, या भागातल्या कॅन्सर रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झालाय. पण जनुकांमधले असे फरक धोका किती ते सुचवतात. आज गाठ आहे की नाही, हे सांगत नाहीत.

सगळ्यांचीच टेस्ट केली तर?

समजा १० हजार लोकांत १० जणांना आजार आहे आणि टेस्ट ९० टक्के अचूक आहे. ती ९ रुग्ण पकडेल, पण ९९९ निरोगी लोकांनाही 'पॉझिटिव्ह' म्हणेल. त्या सगळ्यांना एन्डोस्कोपी, गाडीभाडं, बुडालेला रोज आणि घरभर धास्ती. आता फक्त जास्त धोका असलेले १० हजार निवडले आणि त्यांच्यात १०० रुग्ण असतील, तर ९० सापडतील आणि चुकीचे पॉझिटिव्ह ९९० असतील. खोटा इशारा तेवढाच, पण सापडलेले रुग्ण दहापट. म्हणून आधी धोका असलेली माणसं निवडायची, मग टेस्ट.

फुल बॉडी चेकअपमधल्या 'ट्यूमर मार्कर'लाही हेच लागू होतं. तो नॉर्मल आला म्हणजे अन्ननलिका ठीक आहे, असं होत नाही.

आज हातात काय आहे?

सरकारी तपासणीत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर पाहिला जातो. अन्ननलिका त्यात नाही. म्हणजे मिश्री लावणाऱ्या बाईचं तोंड तपासलं जाईल, घशाच्या खाली काय चाललंय ते कळणार नाही.

त्यामुळे सध्या खात्रीची तपासणी एन्डोस्कोपीच. तंबाखू किंवा दारूची जुनी सवय असेल आणि घास अडकत असेल किंवा विनाकारण वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना एन्डोस्कोपीबद्दल स्पष्ट विचारा. घरात कुणी भाकरी सोडून रोज पेजच मागायला लागलं असेल, तर त्यांना 'का?' एवढं तरी विचारा.